अवांतर

गेल्या आषाढांतील एका रविवारीं, सकाळचा चहा झाल्यावर, माझ्या मुलानें दिवाणखान्यांतील टेबलावर एक मोठा कागद पसरला. कागदावर रेघा मारून सहा रकाने पाडले होते. डाव्या बाजूस माझी नात कॉलेजांत अभ्यासाखेरीज जें जें कांहीं करते त्याची यादी होती. त्यापुढें प्रत्येक गोष्टीस आठवड्यांतून लागणारे तास, येणारा खर्च, मिळणारें प्रमाणपत्र, मिळणारे श्रेयांक, आणि शेवटच्या रकान्यावर 'पुढें उपयोग' असें शीर्षक होतें. माझा मुलगा एका कारखान्यांत अभियंता आहे. कोणत्याहि गोष्टीचा निकाल रकान्यांवांचून लागत नाहीं अशी त्याची श्रद्धा आहे, आणि ती बहुधा खरीहि ठरते. घरांतील विजेचें बिल त्यानें याच रीतीनें उतरविलें.

नात विज्ञानशाखेच्या दुसऱ्या वर्षास आहे. पुढें संख्याशास्त्र घ्यावें असा तिचा बेत आहे, आणि त्यासाठीं लागणाऱ्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास तिनें आतांपासून सुरूं केला आहे. यादींत चार गोष्टी होत्या. राष्ट्रीय सेवा योजना, वादविवाद मंडळ, संगणकाचा एक जादा वर्ग, आणि चौथी म्हणजे एकांकिका. पहिल्या तिन्हींपुढील रकाने सुरेख अक्षरांत भरलेले होते. चौथीपुढें तासांच्या रकान्यांत '१८' हा आंकडा होता, व त्यापुढें कोरा कागद. कारण असें कीं, मुलीचें काम नटीचें नव्हतें. प्रकाशयोजना पाहणाऱ्या एका मोठ्या मुलाच्या हाताखालीं ती होती. आणि हाताखालच्या माणसास कोण प्रमाणपत्र देतो!

"मी रागावून सांगत नाहीं," मुलगा तिला म्हणाला. "तूंच पाहा आणि तूंच ठरव."

हें वाक्य आमच्या घराण्यांत नवें आहे. माझ्या वडिलांनीं तें कधीं उच्चारलें नाहीं, आणि मीहि उच्चारल्याचें मला स्मरत नाहीं. त्याबद्दल मुलाचें मला कौतुकच वाटलें. परंतु कागद इतका चोख होता कीं, ठरविण्यासारखें त्यांत कांहीं उरलेंच नव्हतें. पोरीनें तो वरपासून खालपर्यंत वाचला, शेवटच्या ओळीवर क्षणभर बोट ठेवलें, आणि ती म्हणाली, "सोडतें मग."

सूनबाई आंतून म्हणाल्या, "रात्रीं दहा दहा वाजतां घरीं येणें तरी थांबेल." मी कांहींच बोललों नाहीं. मला त्या वेळीं एक काठी आठवत होती.

काठीची गोष्ट सांगण्यापूर्वीं थोडें मागें गेलें पाहिजे. कॉलेजांतील मुलांनीं अभ्यासाबाहेरचें कांहीं करावें कीं नाहीं, हा नाशकांतील आमच्यासारख्या घरांत नुसता वेळेचा प्रश्न कधींच नव्हता. १९२४ सालापूर्वीं नाशकास कॉलेज नव्हतें. मॅट्रिक झालेला मुलगा पुण्यास किंवा मुंबईस जाई. १९०२ सालीं विनायकराव सावरकर फर्ग्युसनमध्यें गेले ते असेच. मुलगा तेथें काय करतो हें वडिलांस पत्रांतून जितकें कळेल तितकेंच कळे. पुढें गोखले एज्युकेशन सोसायटीनें १९२४ मध्यें येथें कॉलेज काढलें, तेंच आज हंसराज प्रागजी ठाकरसी यांच्या नांवानें ओळखलें जातें. कॉलेज गांवांतच झाल्यामुळें मुलगा रात्रीं घरीं जेवूं लागला. आणि तो उशिरां जेवूं लागला म्हणजे तो होता कोठें, हें विचारण्याची सोय झाली. अभ्यासेतर उद्योगांविषयींचे आमचे घरगुती वाद मला वाटतें तेथूनच सुरूं झाले असावेत.

त्याआधींची एक गोष्ट मात्र आमच्या आजोबांच्या मनांत कायमची बसली होती. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीं येथील विजयानंद नाटकगृहांत कलेक्टर जॅक्सन याच्यावर अनंत कान्हेरे या सतरा-अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें गोळ्या झाडल्या. प्रयोग 'शारदा' नाटकाचा होता. १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत अनंत, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांस फांशी झाली. आजोबा त्या वेळीं इंग्रजी शाळेंत होते, वयानें जवळ जवळ अनंताएवढेच. मधल्या चार महिन्यांत गल्लींतून पोलीस फिरत आणि मुलांच्या वह्या देखील चुलींत जात, असें ते सांगत. मित्रमेळा हें नांव किती साधें! कोणत्याहि बापास त्यांत भिण्यासारखें काय वाटावें? परंतु त्या वर्षापासून 'मंडळ', 'मेळा' आणि 'नाटक' हे तीन शब्द आजोबांच्या डोक्यांत एकत्र बसले ते बसलेच. शाळेची घंटा झाली कीं मुलानें घरीं यावें, हा त्यांचा कायदा झाला. आजोबांना आपल्या भीतीचें कारण ठाऊक होतें. वडिलांच्या हातीं आली ती नुसती भीति, आणि स्वातंत्र्य मिळून पंचवीस वर्षें झालीं तरी ती घरांत तशीच होती. तिनें कारण मात्र बदललें होतें. आतां ती मुलीच्या लग्नाची भीति झाली होती.

१९७३ सालीं आम्ही रविवार कारंजापाशीं जुन्या वाड्यांत राहत होतों. माझी बहीण, तिला आम्ही ताई म्हणतों, बी. ए. च्या शेवटच्या वर्षास होती व मी त्याच कॉलेजांत नुकताच गेलों होतों. पुण्यांत पुरुषोत्तम करंडकाची स्पर्धा १९६३ पासून सुरूं झालेली होती, आणि एकांकिका बसविण्याचें वेड बाहेरगांवच्या विद्यार्थ्यांतहि शिरलें होतें. आमच्या कॉलेजांतील दहा-बाराजणांनीं अशाच एका स्पर्धेसाठीं एकांकिका बसविण्यास घेतली. लिहिणारा तिसऱ्या वर्षाचाच एक विद्यार्थी होता. त्यांत ऐंशी वर्षांच्या एका म्हातारीचें काम होतें, अकरा वाक्यांचें. तें ताईकडे आलें.

घरीं तिनें सांगितलें कीं मी वाचनालयांत जातें. येथील सार्वजनिक वाचनालय १८४० सालचें आहे. इतक्या वर्षांत त्याच्या नांवावर नाशकांतील किती तरुणांनीं किती संध्याकाळीं बाहेर काढल्या असतील, याची नोंद त्याच्या दप्तरांत सांपडावयाची नाहीं. ताई पांच वाजतां जाई, आठाच्या सुमारास येई. आणि त्याच वेळांत आमच्या आजीची काठी घरांतून नाहींशी होई. आजी ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली असे. कोणी विचारलें तर म्हणे, "असेल कोठें तरी. मला कुठें जायचें आहे?" आठाला काठी पुन्हां कोपऱ्यांत. आजीनें ती आपण होऊन ताईस दिली होती, आणि आपलें एक जुनें नऊवारी लुगडेंहि दिलें होतें, हें आम्हांला पुष्कळ वर्षांनीं कळलें.

आतां माझें सांगतों. त्याच एकांकिकेंत एका पहारेकऱ्याचें काम होतें, दोन वाक्यांचें. मीं तें मागितलें होतें. माझा आवाज तेव्हां फुटत होता. पहिल्याच वाक्याला सारे हंसले, आणि काम दुसऱ्यास गेलें. ताई हंसली नव्हती. उलट घरीं येतांना तिनें मला भेळ खाऊं घातली. परंतु माझा राग तिच्यावरच बसला. सतरा वर्षांच्या मुलाचा राग ज्याच्यावर बसावयास पाहिजे त्याच्यावर क्वचितच बसतो. त्यानंतर कांहीं दिवसांनीं तात्यांनीं—वडिलांस आम्ही तात्या म्हणत असूं—जेवतांना सहज विचारलें, "ताई वाचनालयांत सध्यां काय वाचते रे?" त्यांच्या मनांत कसलाहि संशय नव्हता. मीं कोणत्याहि पुस्तकाचें नांव घेतलें असतें तरी तें चाललें असतें. मीं म्हटलें, "ती वाचनालयांत नसते."

तात्या ओरडले नाहींत. दुसऱ्या दिवशीं कचेरी सुटल्यावर ते तडक कॉलेजांत गेले आणि तालमीच्या खोलीच्या दारांत उभे राहिले. मीहि मागोमाग गेलों होतों. ताई आजीच्या काठीवर भार देऊन खोलीच्या या टोकाकडून त्या टोकास चालत होती. तिनें वडिलांस पाहिलें. पाहूनहि ती थांबली नाहीं. त्याच चालीनें पलीकडे पोंचली, आपलें वाक्य पुरें केलें, काठी शेजारच्या मुलाच्या हातीं दिली, चपला घातल्या व बाहेर आली. तात्या पुढें, ताई मागें, अशीं तीं दोघें घरीं गेलीं. रस्त्यांत कोणी बोललें नाहीं. काठी तेथेंच राहिली. दोन महिन्यांनीं कोणी तरी ती संध्याकाळीं आमच्या दाराशीं ठेवून गेलें. एकांकिकेस बक्षीस मिळालें नाहीं; म्हातारीचें काम दहा दिवसांत दुसऱ्या एका मुलीनें बसविलें होतें.

तात्यांविषयीं गैरसमज होऊं नये म्हणून पुढचेंहि सांगितलें पाहिजे. आठवड्याच्या आंत त्यांनीं ताईचें नांव टंकलेखनाच्या वर्गांत घातलें, व फी आपल्या तुटपुंज्या पगारांतून आगाऊ भरली. त्या काळचें 'पुढें उपयोग' म्हणजे टंकलेखन. १९६९ सालीं चौदा बँकांचें राष्ट्रीयीकरण झाल्यापासून गांवोगांव शाखा निघत होत्या आणि त्यांस सुशिक्षित माणसें हवीं होतीं. मध्यमवर्गीय घरांतील मुलींना इभ्रतीची म्हणून जी नोकरी मिळूं लागली ती बरीचशी या शाखांतून. ताई १९७६ सालीं बँकेंत लागली. लग्नहि चांगलें झालें, नाशकांतच. २०१३ सालीं ती अधिकारी म्हणून निवृत्त झाली. टंकलेखनाचा तिला उपयोग झाला. तात्यांचा हिशेब चुकला नव्हता, आणि तो चुकला नव्हता हीच गोष्ट मला आजवर सुखानें राहूं देत आली. आपल्या हातून घडलें तें वाईट होतें, पण त्याचें फळ चांगलें आलें, असें म्हणून मनुष्य पन्नास वर्षें काढूं शकतो.

असल्या प्रसंगीं मुलांची बाजू घेणारा वडील माणूस हटकून थोरांचीं उदाहरणें देतो. नाशकांत तीं शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. विष्णु वामन शिरवाडकर येथल्याच ठाकरसी कॉलेजाचे विद्यार्थी. १९३२ मध्यें, वयाच्या विसाव्या वर्षीं, ते काळाराम मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहांत सामील झाले. १९३३ सालीं, पदवी हातीं येण्यापूर्वींच, 'जीवनलहरी' हा त्यांचा छोटा कवितासंग्रह निघाला. बी. ए. झाल्यावर त्यांनीं गोदावरी सिनेटोनमध्यें 'सती सुलोचना' या चित्रपटाचें लेखन केलें, त्यांत लक्ष्मणाची भूमिकाहि केली. चित्रपट चालला नाहीं. मग वर्तमानपत्रांतील नोकऱ्या आल्या. 'विशाखा' १९४२ सालची, 'नटसम्राट' १९७० सालचें, आणि ज्ञानपीठ पुरस्कार १९८७ सालचा. त्याच कॉलेजांत वसंतराव कानेटकर इंग्रजी शिकवीत व घरीं नाटकें लिहीत. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजांत शिकतांना नाटकांत कामें करूं लागलेले डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद झाले, टांझानियांत जाऊन त्यांनीं रुग्णसेवा केली, आणि १९६९ सालीं, चाळिशी उलटल्यावर, व्यवसाय सोडून पूर्ण वेळ नट झाले. सुरुवात कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकानें झाली. पुढच्याच वर्षीं शिरवाडकरांचा नटसम्राट त्यांच्याकडे आला. दोघेहि नाटककार नाशकांत राहणारे. अभिमान वाटावा असाच हा योग आहे.

त्या रविवारीं मीं यांपैकीं एकहि नांव घेतलें नाहीं. हीं उदाहरणें मला अलीकडे फसवीं वाटूं लागलीं आहेत. शिरवाडकरांच्या वर्गांत कविता करणारे आणखीहि असतील. ते मास्तर झाले, वकील झाले, कारकून झाले. डॉक्टर लागूंबरोबर तालमीस बसणारे कितीजण आपापल्या दवाखान्यांत आयुष्यभर नाड्या पाहत राहिले असतील. त्यांनीं नाटकांत घालविलेल्या संध्याकाळीं फुकट गेल्या काय? थोरांचें उदाहरण देणाऱ्यास त्या फुकटच गेल्या असें म्हणावें लागतें, कारण त्यांतून थोर कोणी निघालें नाहीं. म्हणजे माझ्या मुलाचा शेवटचा रकाना तोहि मान्य करतो. फक्त तो भरण्यास त्याला अधिक मोठें नांव हवें असतें.

प्रमाणपत्रांची थट्टा करण्याचा मात्र माझा हेतु नाहीं. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, सदतीस विद्यापीठांत सुरूं झाली. तींत वर्षास १२० तास काम आणि सात दिवसांचें शिबिर करावें लागतें. गेल्या हिवाळ्यांत माझी नात शिबिरास गेली तेव्हां तिनें प्रथमच कुदळ हातांत धरली, आणि परत आल्यावर आठ दिवस घरांतील पाण्याचा नळ कोणाला सोडूं दिला नाहीं. छात्रसेना १९४८ सालची. तिचें 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणींत मिळविलेल्या पदवीधरास सैन्याच्या विशेष प्रवेशयोजनेंत लेखी परीक्षा माफ होते व तो सरळ निवडमंडळापुढें उभा राहतो. आमच्या जुन्या गल्लींतील एका शिंप्याच्या मुलाचें सारें लक्ष दोन वर्षें त्या प्रमाणपत्रावर होतें. त्याला कवायत आवडते कीं नाहीं हें विचारण्याची चैन त्याच्या घरीं कोणास परवडली नसती. आणि आमच्याच जिल्ह्यांतील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनीं २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत १०,००० मीटर धांवण्यांत कांस्यपदक मिळविलें, तें धांवणें कोणत्या अर्थानें अवांतर म्हणावयाचें? अवांतर हा शब्दच पोटभर जेवलेल्या घरांतला आहे. आमच्या घरांत तो शोभतो, म्हणून आमच्या घरापुरतेंच मी बोलत आहें.

१९२० पर्यंत मागें न जातां अगदीं माझ्या वेळचें पाहिलें तरी एक फरक स्पष्ट दिसतो. तेव्हां अवांतर गोष्टी चोरून कराव्या लागत. आज त्या मोजून कराव्या लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर सेवा योजना, छात्रसेना, खेळ, कला यांसहि अभ्यासक्रमांत श्रेयांक मिळूं लागले आहेत. यामागचा हेतु स्तुत्य आहे; ज्या बापास मुलानें खेळलेलें खपत नसे त्याचें तोंड यामुळें बंद झालें. पण तोटाहि झाला. जें मोजलें जातें त्याच्या शेजारीं जें मोजलें जात नाहीं तें आतां अधिकच उघडें पडतें. पूर्वीं सगळेच रकाने रिकामे असत, त्यामुळें कोणाला कांहीं वाटत नसे.

ताई दर शनिवारीं आमच्याकडे येते. त्या आठवड्यांत आली तेव्हां तो कागद टेबलावर कांचेखालीं तसाच होता. तिनें चष्मा लावला, तो बाहेर काढला आणि सवयीप्रमाणें आधीं बेरजा तपासल्या. "बरोबर आहेत," ती म्हणाली, जणूं शाखेची तपासणीच चालली होती. मग नातीस हांक मारून विचारलें, "हें शेवटचें काय ग? अठरा तास तूं तेथें करतेस तरी काय?"

"आत्याआजी, करीत होतें," नात म्हणाली. "सोडणार आहें आतां. सोमवारीं सांगायचें आहे."

"बरें, करीत होतीस तें काय?"

मग नातीनें सांगितलें. एकांकिकेच्या शेवटीं शेवटीं एका घरांत संध्याकाळ होते. उजेड इतका हळूहळू उतरावयाचा कीं, प्रेक्षकांस तो उतरतो आहे हें कळतां कामा नये. एक पात्र उठून दिवा लावतें तेव्हांच त्यांच्या ध्यानांत यावें कीं, अरे, केव्हांचा अंधार झाला होता. त्यासाठीं चाळीस सेकंद ठरले आहेत. तिच्या हातीं एकच खटका आहे, सरकणारा. "दोन महिने झाले, पण चाळीस जमत नाहींत. कधीं तीस होतात, कधीं पन्नास. आणि मनांत आंकडे मोजले कीं उजेड हिसके देत उतरतो. न मोजतां चाळीस यावयास पाहिजेत."

"मग तूं सोडतेस कशी?" ताई म्हणाली.

या प्रश्नांत उपदेश नव्हता. तिला खरोखरच तें समजलें नव्हतें. हातांतलें गणित अर्धें टाकून कोणी उठलें तर आपण जसें विचारूं तसें तिनें विचारलें. मुलीचें तोंड एकदम रडवेलें झालें. माझा मुलगा पलीकडे वर्तमानपत्र वाचीत होता; त्यानें पान उलटलें नाहीं.

आणि तेथें, कोणीहि विचारलेलें नसतांना, मीं सांगून टाकलें. "ताई, ७३ सालीं तात्यांना मीं सांगितलें होतें."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशीं तात्या मला म्हणाले, 'तूं वाचनालयांत नसतेस.' तात्यांची बोलण्याची तऱ्हा तशी नव्हती. तें वाक्य तुझें होतें."

"कधीं बोलली नाहींस तें."

"राग आला होता रे. चांगला वर्ष-दीड वर्ष होता. पुढें बँकेच्या परीक्षेचा अभ्यास लागला, मग राहूनच गेलें." ती हंसली. मग थोड्या वेळानें म्हणाली, "तुझ्यापेक्षां मला दुसऱ्याच गोष्टीचें वाईट वाटलें. घरांत त्यावर महिनाभर बोलणें झालें. मी नटी होणार, मला कोण करून घेणार, सारें झालें. पण मी काम कशाचें करीत होतें, हें कोणी विचारलें नाहीं. तूं नाहीं, तात्यांनीं नाहीं, ह्यांनीं सुद्धां लग्नानंतर कधीं विचारलें नाहीं. आजीला तेवढें ठाऊक होतें. तिची चाल मीं तिच्याकडूनच उचलली होती. ती मला न्हाणीपर्यंत दोनदां चालून दाखवी. मला नटी व्हायचें नव्हतें. त्या म्हातारीचें एक वाक्य होतें, 'आलांत का?' एवढेंच. दाराकडे न पाहतां म्हणायचें. दारांत मुलगाच आला आहे हें तिला ठाऊक आहे, पण पाहिलें तर तो नसेल अशी तिला धास्ती आहे. तें मला जमत नव्हतें. त्या दिवशीं तात्या दारांत होते ना, तेव्हां मीं दाराकडे पाहिलें नाहीं आणि तें जमलें."

मला तो दिवस लख्ख आठवला. खोलींत सगळे गप्प झाले होते तें तात्यांना पाहून, अशी माझी इतकीं वर्षें समजूत होती.

"म्हणून दाखवा ना," नात म्हणाली.

"आतां काय ग! चालीचा तर प्रश्नच नाहीं, गुडघेच तसे चालतात." तिनें वाक्य म्हणून दाखविलें नाहीं. कागद घडी न मोडतां कांचेखालीं होता तसा सरकवून ती स्वयंपाकघरांत सूनबाईंना आमसुलाची आमटी कशी हवी तें सांगण्यास गेली.

सोमवारीं नात तालमीस गेली. तिनें घरीं कांहीं जाहीर केलें नाहीं, आणि कोणी विचारलेंहि नाहीं. रात्रीं कागदाकडे माझें लक्ष गेलें तेव्हां चौथ्या ओळींतील कोऱ्या रकान्यांतून मुलानें पट्टीनें एक आडवी रेघ ओढलेली दिसली. त्यांच्या कारखान्यांत जो रकाना लागू नसतो त्यांत अशी रेघ मारतात, असें त्यानें मला पूर्वीं एकदां सांगितलेलें आहे. प्रवेशपरीक्षेचा तिचा अभ्यास आतां पहांटे चालतो, आणि तो पुरेसा होतो कीं नाहीं याची मला स्वतःला काळजी वाटते. सराव-परीक्षेंत मागल्या खेपेपेक्षां सात गुण कमी आले आहेत. सूनबाईंनीं तेंहि कागदावर पेन्सिलीनें लिहून ठेवलें आहे.

रात्रीं साडेनवाला मुलगा तिला आणावयास स्कूटर घेऊन जातो. परवां पाऊस होता, त्यामुळें तो थोडा लवकर गेला, आणि दोघांना यावयास मात्र नेहमींपेक्षां उशीर झाला. जेवण झांकून ठेवलें होतें. तो कांहीं न बोलतां पानावर बसला. पिठलें-भात संपल्यावर ताक घेतांना लेकीकडे न पाहतां म्हणाला,

"चाळीस होतील. पण तो डावीकडचा दिवा एक हात मागें घ्यायला सांग. भिंतीवर खुर्चीची सांवली पडते, आणि ती सरकते ना, तिच्यावरून कळतें उजेड उतरतो आहे तें."